बेरीज आली, पण कशाची?

नागपुरातल्या एका वाणिज्य महाविद्यालयात मी स्प्रेडशीट शिकवतो. वर्गातल्या बऱ्याच मुलांकडे एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आधीच असतं. सेल, फॉर्म्युला, चार्ट यांत त्यांना नवं काही नसतं, म्हणून कोणतं बटण कुठं आहे यावर मी फार वेळ घालवत नाही. शीटमधला प्रत्येक आकडा कुठून आला आणि त्याचं पुढं काय झालं, हे मुलांना सांगता यावं, एवढी माझी अपेक्षा असते. ती पुरी व्हायला अख्खं सत्र लागतं.

सुरुवात संत्र्यापासून. काटोल-नरखेडकडच्या मुलांच्या घरी कळमना बाजारातल्या हिशोबपट्ट्या असतात. त्या आणायच्या आणि वजन, भाव, हमाली, गाडीभाडं सारं शीटमध्ये उतरवायचं. कुणीतरी वजनाच्या सेलमध्ये ‘12 क्विंटल’ असं लिहितंच. संगणकाच्या लेखी तो आकडा नव्हे, मजकूर. ‘सम’ त्याला सोडून बाकीच्यांची बेरीज करतं आणि चकार शब्द काढत नाही. “बेरीज तर आली ना जी सर!” मुलं म्हणतात. आली खरी, पण बारा क्विंटल माल हिशोबाबाहेरच राहिला. म्हणून एकक मथळ्यात लिहायचं आणि सेलमध्ये नुसता आकडा. एका पट्टीत भाव टनाचा, दुसरीत क्विंटलचा असेल, तर आधी दोन्ही एका मापात आणायचे.

चूक दाखवणाऱ्या शीटची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती न बोलता चुकणाऱ्या शीटची. ‘व्हीलुकअप’चा शेवटचा भाग लिहिला नाही, तर ते नेमका जुळणारा भाव शोधत नाही, जवळपासचा उचलून देतं. एकच रकाना निवडून क्रम लावला, तर एकाचा माल दुसऱ्याच्या नावावर जातो. म्हणून मूळ नोंदींचं शीट वेगळं ठेवायचं आणि त्याला हात लावायचा नाही. हमालीचा दर फॉर्म्युल्यात न कोंबता त्याला स्वतःची जागा द्यायची. उधारी लाल रंगानं दाखवण्याची सवयही मी मोडतो. साध्या फॉर्म्युल्याला रंग कळत नाही. ‘बाकी’ असा रकानाच हवा.

न बोलता चुकलेल्या शीटचं उदाहरण म्हणून टॉमस हर्नडन या विद्यार्थ्याची गोष्ट मी दर वर्षी सांगतो. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थतज्ज्ञांनी 2010 मध्ये मांडलं होतं, की सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 90 टक्क्यांवर गेलं की वाढीचा दर घसरतो. युरोप-अमेरिकेत सरकारी खर्चाला कात्री लावावी म्हणणाऱ्यांनी त्याचा आधार घेतला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला हर्नडन वर्गातल्या गृहपाठासाठी तेच आकडे पुन्हा काढू लागला, पण ते जुळेनात. त्यानं मूळ शीट मागवलं, तर सरासरीच्या फॉर्म्युल्यातून पाच देश सुटलेले. काही वर्षांची आकडेवारी वगळली होती, सरासरीची रीतही वादाची होती. हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांनी 2013 मध्ये नवा हिशोब मांडला, तेव्हा कर्जबाजारी देशांच्या वाढीचा दर उणे 0.1 टक्क्यावरून 2.2 टक्क्यांवर आला. शीटमधली ती चूक मूळ लेखकांनीही मान्य केली. यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की लेखकांनी शीट त्याच्या हाती दिलं आणि एका विद्यार्थ्याला ते वाचता आलं.

हल्ली मुलं फोनवरून तयार फॉर्म्युला आणतात. माझी हरकत नाही. मात्र त्यातला प्रत्येक कंस कशासाठी आहे, ते फळ्याजवळ येऊन सांगायचं.

सत्राच्या शेवटी जोडीजोडीनं शीटची अदलाबदल होते. समोरच्यानं शेवटच्या रकमेपासून मागं जात मूळ पट्टीपर्यंत पोहोचायचं, मग हमालीचा दर बदलून नवी रक्कम काढायची. शीट बनवणाऱ्यानं शेजारी बसायचं, पण बोलायचं नाही. वाचणारा अडला आणि त्याला विचारावं लागलं, तर गुण बनवणाऱ्याचे कापले जातात.