पहिला चाकू

गृहस्थाच्या घरांत धारेच्या वस्तूंस तोटा नसतो. स्वयंपाकघरांत विळी असते, पानाच्या डब्यांत अडकित्ता असतो, शिवणाच्या पेटींत कात्री असते. आणि त्यांच्याविषयीं कोणाच्या मनांत कधीं शंका येत नाहीं. परंतु तीच धार घडी होऊन पुरुषाच्या खिशांत गेली कीं घरच्यांच्या भुंवया वर चढतात. आमच्या हिंगोलीच्या घरांत गेल्या वर्षीं भाद्रपदांत हा प्रसंग आला, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत एका मुलाच्या बोटास तीन टांके पडले. ती हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें वाटतें; कारण प्रथमच चाकू घेणारा मनुष्य जी चूक करतो, ती आम्हीं साठी उलटल्यावर केली.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा परभणीच्या कृषि विद्यापीठांत शिकावयास निघाला होता. वसतिगृहांत राहावयाचें, शेतांतील प्रात्यक्षिकें करावयाचीं, वेळीं सुतळी कापावयाची, वेळीं पेरू चिरावयाचा. तेव्हां 'काका, खिशांत मावेल असा एक चाकू घेऊन द्या,' असें त्यानें म्हटलें. आमच्या मातोश्री जवळच वाती वळीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, 'अरे, छत्री माग, पांघरूण माग. चाकू काय मागतोस? चार पोरांत राहायचं. एखाद्यानं डिवचलं तर हात कुठं जाईल?' रोजचें वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजीची ही भीति अगदींच अनाठायीं होती, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

परंतु याच घरांत एक चाकू पन्नास वर्षें नांदला होता. आमचे वडील शिक्षक होते. त्यांच्या कोटाच्या उजव्या खिशांत शेफील्डचा एक लहानसा चाकू सदैव असे. त्यानें ते मुलांचे बोरू तासून देत, पाकिटें फोडीत, मधल्या सुटींत शिदोरीबरोबरचा कांदा चिरीत. त्या चाकूचें भय कोणास वाटलें नाहीं. उलट बोरू तासून घेण्यासाठीं मुलें टेबलाभोंवतीं रांग लावीत. मातोश्रींनीं तो ट्रंकेंत जपून ठेविला होता. आम्हीं तो काढून पाहिला, तों धार लावून लावून पातें निम्मे झिजलेलें आणि कमान गंजलेली, तो उघडेचना. मातोश्रींनीं तो पदरानें पुसून परत ठेविला आणि म्हणाल्या, 'आणा बापडे काय आणायचं तें.'

आम्हीं जन्मांत चाकू विकत घेतला नव्हता. बाजारांतील एका दुकानदारानें काचेच्या कपाटांतून एक चकचकीत वस्तु काढून पुढें ठेविली. तींत दोन पातीं, करवत, कात्री, बाटली उघडण्याची आकडी, स्क्रूड्रायव्हर वगैरे मिळून तेरा हत्यारें होतीं, आणि किंमत साडेतीनशें रुपये. एका पैशांत तेरा कामें, हा हिशेब आमच्या मध्यमवर्गीय मनास इतका पटला कीं, त्यांतील बारा कामें आपणांस कधीं पडतात, हें विचारावयाचें सुचलेंच नाहीं. मुलगा जाण्यास आठ दिवस होते, म्हणून आम्हीं तो चाकू प्रथम स्वतः वापरून पाहिला. सदऱ्याचा खिसा लोंबूं लागला, बसतांना मांडीस टोचूं लागला, आणि तिसऱ्या दिवसापासून तो घरच्या कोनाड्यांत विसावला. मोंढ्यांत हळदीच्या पोत्याची शिवण उसवण्याची वेळ आली, तेव्हां तेरा हत्यारें घरीं होतीं आणि आम्ही सुतळी दांतांनीं ओढीत होतों.

येवढ्यावर भागलें असतें तर हंसून सोडून दिलें असतें. पण निघण्याच्या आदल्या दिवशीं मुलगा वळकटीची दोरी कापावयास बसला. दोरी ओली होती, म्हणून त्यानें पात्याचें टोंक तींत खुपसून जोर दिला. उघडलेलें पातें जागेवर धरून ठेवणारी अडक त्या चाकूस नव्हती, आणि कमानहि ढिली होती. पातें उलट मिटलें तें थेट त्याच्या तर्जनीवर. दवाखान्यांत तीन टांके पडले. मातोश्री एक शब्द बोलल्या नाहींत. त्यांनीं नातवास दूधभात भरविला. 'मी सांगत नव्हतें?' असें त्या म्हणाल्या असत्या, तर आम्हांस हलकें वाटलें असतें. त्या रात्रीं मुलगाच आम्हांस म्हणाला, 'काका, हा चाकू वाईट निघाला. चाकू बाळगणं वाईट, असं त्यावरून ठरत नाहीं.'

हें बोलणें आमच्या मनास लागलें, आणि जी चौकशी आधीं करावयाची ती आम्हीं मागाहून केली. स्वयंपाकघरांतील वजनकांट्यावर दोन्ही चाकू ठेवून पाहिले. तेरा हत्यारांचा चाकू २१२ ग्रॅम भरला, वडिलांचा ३८. पन्नास वर्षें एक चाकू खिशांत कां राहिला आणि दुसरा तीन दिवसांत कोनाड्यांत कां गेला, याचें उत्तर त्या दोन आंकड्यांतच होतें.

जगांत नांवाजलेले चाकू पाहिले तरी हाच नियम दिसतो. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर यांनीं १८९१ सालीं तेथील सैन्यास चाकू पुरविले आणि १८९७ सालीं अनेक हत्यारांचा सुप्रसिद्ध 'ऑफिसर' चाकू काढिला; परंतु त्याच व्हिक्टोरिनॉक्स कारखान्याचा ५८ मिलिमीटर लांबीचा लहान चाकू केवळ २१ ग्रॅमच्या आसपास भरतो. फ्रान्सच्या सव्हॉय प्रांतांत जोसेफ ओपिनेल यांनीं १८९० च्या सुमारास केलेला शेतकऱ्यांचा चाकू म्हणजे एक लांकडी मूठ आणि एक पातें, बस्स. त्याच्या आठ क्रमांकाच्या चाकूचें पातें साडेआठ सेंटिमीटरांचें, तरी वजन ४५ ग्रॅमच्या घरांत. मात्र पातें मिटूं न देणारें फिरतें कडें त्यास १९५५ सालीं बसविण्यांत आलें. मुरलेल्या कारखान्यासहि अडकेची गरज ओळखून ती बसविण्यास पासष्ट वर्षें लागलीं, हें वाचून आमची खंत थोडी कमी झाली. या परदेशी चाकूंच्या किंमती आमच्या खिशास मोठ्या वाटल्या. पण त्यांवरून काय पाहावयाचें, तें कळलें.

मग आम्ही मुलास बरोबर घेऊनच दुकानीं गेलों. पातें एकच, अडीच ते तीन इंच, याहून अधिक नको असें ठरविलें. चाकू उघडून पातें आडवें हलवून पाहिलें. जें खिळखिळ करी तो चाकू बाजूस ठेविला. बोटें पात्याच्या वाटेंतून दूर ठेवून पात्याची पाठ लांकडावर दाबून पाहिली. अडक सुटली तो चाकू बाद. मिटल्यावर पातें मुठीच्या मधोमध बसतें कीं कडेस घांसतें, नखानें खांच धरून सहज उघडतें कीं नखच मोडतें, ओल्या हातांतून मूठ निसटते कीं काय, हेंहि पाहिलें. पोलादाचा प्रश्न राहिला. साध्या पोलादास धार लौकर लागते, पण तें चिंचेनें, कैरीनें काळें पडतें आणि पावसाळ्यांत गंजतें. १९१३ सालीं शेफील्डमध्यें हॅरी ब्रिअर्ली यांनीं क्रोमियम मिसळून न गंजणारें पोलाद सिद्ध केलें. वसतिगृहांतील विसराळू मुलास तेंच बरें. अशा रीतीनें घेतलेला चाकू ५४ ग्रॅमचा निघाला, आणि किंमत पडली दोनशें चाळीस रुपये, म्हणजे तेरा हत्यारांहून एकशें दहा रुपयांनीं कमी.

कायद्याची बाजूहि मुलास समजावून दिली. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचीं हत्यारें शस्त्रविषयक नियमांत येतात. घरगुती व शेतीच्या अवजारांस त्यांतून सूट आहे. तथापि सणावारांत किंवा निवडणुकींत १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमान्वयें जिल्ह्यांत मनाईचा हुकूम निघतो, त्यांत सुऱ्यांचेंहि नांव असतें. त्या दिवसांत चाकू खोलींत ठेवावा. विमानांत तो हातीं ठेवतां येत नाहीं. आणि धार बोथट होऊं देऊं नये. बोथट चाकूस जोर द्यावा लागतो, आणि जोर दिला कीं तो निसटतो. दगड नसेल, तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कड चालते.

निघतांना मातोश्रींनीं चाकू पाटावर ठेविला. धारेची वस्तु हातांत देऊं नये, अशी त्यांची रीत आहे. मुलानें तो उचलला, नमस्कार केला, आणि गेला.

दिवाळीस तो परत आला. त्या चाकूनें काय काय केलें, हें तो सांगत होता: डोळे भरण्याच्या प्रात्यक्षिकांत कलमाची पट्टी कापली, सोबत्याच्या ट्रंकेची दोरी कापली, खोलींतल्या चौघांना सीताफळें फोडून दिलीं. मातोश्री वाती वळीत ऐकत होत्या. सुताची गुंडी संपत आली, तसा त्यांनीं हात पुढें केला आणि म्हणाल्या, 'कात्रीला कोण उठतंय? तुझा तो चाकू दे बघूं.' मुलानें चाकू उघडला, अडक बसल्याची खात्री करून घेतली, आणि मूठ आजीकडे करून तो जमिनीवर ठेविला.