चार फुटांचं यार्ड

"स्वतःचं मोठं घर झालं की मॉडेल रेल्वे करायची" हे वाक्य आमच्या निम्म्या मित्रमंडळींकडून ऐकलंय. कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून आलं की हा आजार आठवडाभर बळावतो. मग आपला हॉल आठवतो, ईएमआय आठवतो आणि विषय तिथेच संपतो.

माझं म्हणणं असं की जागा कमी असेल तर गाडीचं काम बदला. प्रवास करणाऱ्या गाडीला खोली लागते. शंटिंग करणाऱ्या गाडीला चार फूट बाय एक फूट फळी पुरते.

यातला सगळ्यात गाजलेला आराखडा म्हणजे ब्रिटनच्या अॅलन राइट यांचा 'इंगलनुक सायडिंग्ज'. दोन सांधे, तीन सायडिंग, बस्स! लांब सायडिंगवर पाच वाघिणी मावतात, बाकी दोन्हींवर तीन-तीन. सांध्याच्या अलीकडे इंजिन अधिक तीन वाघिणी एवढाच रूळ. वाघिणी एकूण आठ. आठ चिठ्ठ्यांमधून पाच उचलायच्या आणि निघालेल्या क्रमानेच लांब सायडिंगवर गाडी लावायची. वाघीण हाताने उचलायची नाही. ८×७×६×५×४ म्हणजे ६,७२० वेगवेगळे क्रम. रोज एक म्हटलं तरी अठरा वर्षं :-)

आपल्या जातीच्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. प्रत्येक सायडिंग म्हणजे एक स्टॅक, शेवटी ढकललेली वाघीण आधी बाहेर. डायक्स्ट्राने १९६१ मध्ये मांडलेल्या अल्गोरिदमचं नावच मुळी 'शंटिंग यार्ड'. क्नूथसुद्धा स्टॅक समजावताना रेल्वेच्या डब्यांचंच उदाहरण देतो.

आता मापं. एन स्केल, १:१६०, रुळांमधलं अंतर ९ मिमी. माझी वाघीण कपलिंगसकट ८ सेमी, इंजिन १० सेमी. म्हणजे अलीकडचा रूळ १० + २४ = ३४, हाताला थोडी सूट म्हणून ३५. सांधा साडेबारा. सांध्याला खेटून वाघीण उभी केली तर शेजारून जाणारी गाडी घासते, म्हणून पुढे नऊएक सेमी मोकळे. मग पाच वाघिणींचे ४०. बेरीज ९७ च्या आत. चार फूट म्हणजे १२२ सेमी, तेव्हा पंचवीसेक उरतात.

खरी परीक्षा या पंचवीस सेंटीमीटरची! हात शिवशिवतात, अलीकडचा रूळ जरा वाढवावासा वाटतो. तो ४२ झाला की चौथी वाघीण मावते आणि कोड्यातली निम्मी गंमत जाते. उरलेल्या जागेत गोदाम बांधा, झाड लावा, पण रूळ वाढवू नका. आणि ३४ च्या खाली गेलात तर तिसरी वाघीण सांध्यावरच अडकते, सांधा फिरतच नाही.

खरेदीच्या आधी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून जेवणाच्या टेबलावर दोन-चार डाव खेळून बघा. पैसे लागत नाहीत आणि हे आपल्याला आवडतंय की नाही तेही कळतं. सॉल्व्हर लिहायचा मोह मात्र टाळा. एका संध्याकाळचा प्रोग्राम आहे, मग उरतं काय?

मुख्य म्हणजे ही फळी पलंगाखाली सरकते. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट संपलं की काखोटीला मारून नव्या भाड्याच्या घरात. मोठं घर होईल तेव्हा होईल. आठ वाघिणींना आत्ताची जागा पुरते.

चला, चिठ्ठ्या काढल्यात. पहिलीच वाघीण नेमकी सगळ्यात आत अडकलीय...