या पाव्हणं, बसा

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला 'या' म्हणणं ही कला मराठी दुकानदाराला जन्मतः येत नाही आणि नंतर शिकवून जमत नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की तो त्याच्याकडे असा पाहतो, की आपण सामान घ्यायला आलो आहोत की उसने पैसे मागायला, अशी शंका गिऱ्हाइकालाच यावी. मी भोरला बँकेत कारकून आहे, तेव्हा या विषयावर अधिकाराने बोलू शकतो. आमच्याकडे आत येणाऱ्याच्या कानावर पडणारं पहिलं स्वागतपर वाक्य म्हणजे 'सर्व्हर डाऊन आहे'.

पण आमच्या मेहुण्यापुढे आमची शाखा म्हणजे लग्नाचा मांडव! त्याचं वेल्ह्याला हार्डवेअर आणि विजेच्या सामानाचं दुकान आहे. (तालुक्याचं नाव राजगड करायचं २०२४ साली ठरलं. मेहुण्याच्या स्वभावाबद्दल मात्र अजून काही ठरलेलं नाही.) हा माणूस हाताचा जादूगार आणि तोंडाचा मुका. एके काळी पंचक्रोशीतले रेडिओ, टेपरेकॉर्डर, व्हीसीआर त्याच्या टेबलावर येऊन पडत आणि बोलते होऊन परत जात. पुढे मोबाइल आले, दुरुस्त करण्यासारखं घरात काही उरलं नाही, आणि हा खिळे किलोवर विकायला बसला. 'दोन इंची खिळे आहेत का?' असं विचारलं तर तो मान हलवतो. ती होकारार्थी हलली की नकारार्थी, हे गिऱ्हाइकाने आपापल्या जबाबदारीवर ठरवायचं.

"तोरणा चढायला आलेली पुण्याची पोरं टॉर्चचे सेल घ्यायला येतात, तुमचं तोंड बघतात आणि पुढच्या दुकानात जातात," असं त्याच्या बायकोने एकदा स्पष्ट सांगितलं. त्यावर एखाद्याने तोंड सुधारलं असतं. याने दुसरं तोंड बनवायला घेतलं.

पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे पाबे घाटातून त्याच्या चार खेपा झाल्या. आलेला माल मी डोळ्यांनी पाहिला: भंगारात गेलेल्या जीपची वायपरची मोटर, स्कूटरची बॅटरी, सायकलची चेन आणि जिन्यात माणूस आला की आपोआप दिवा लावतो तो सेन्सर. धड झालं गोडेतेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचं. डोकं म्हणजे कान तुटलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं. डोळ्यांच्या जागी सायकलचे मागचे दोन लाल रिफ्लेक्टर. एकंदर चेहरा आमच्या एका जुन्या मॅनेजरसाहेबांसारखा आला, पण तो योगायोग.

"दाजी, सगळी करामत वायपरच्या मोटरीत आहे," मेहुणा म्हणाला. यंत्राबद्दल बोलताना त्याला वाचा फुटते. "नुसती मोटर भणभण फिरती. हिच्यात गिअर असतो, म्हणून सावकाश फिरती आणि जोर धरती. गोल फिरणं दांड्याला जोडलं की हात पुढं-मागं होतो." पुण्यातल्या गणपतीच्या हलत्या देखाव्यांत तरुणपणी त्याने अशाच खटपटीतून राक्षस हलवले होते. त्या मोटरीची आणखी एक खुबी अशी, की गाडीचा वायपर मध्येच बंद केला तरी तो काचेच्या मध्यावर थांबत नाही. जागेवर जाऊनच विसावतो. तसे या रोबोटचे हात नमस्कार अर्धा टाकत नाहीत. पाच वाजले की आकडा अर्धा सोडून उठणाऱ्या माणसाला हे पाहून थोडं अवघडल्यासारखं होतं.

'रोबोट' हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२० साली आपल्या नाटकात आणला. तो त्याला त्याच्या भावाने सुचवला होता. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. हे मी मेहुण्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "म्हंजे बिनपगारी. बरंय." वाणिज्य शाखेचा पदवीधर मी, पण ताळेबंद त्याने मांडला.

बँकांनाही हा मोह सुटलेला नाही. सिटी युनियन बँकेने चेन्नईत २०१६ साली 'लक्ष्मी' नावाची यंत्रबाई ग्राहकांशी बोलायला उभी केली, आणि एचडीएफसी बँकेने २०१७ साली कोचीत 'इरा'. या गोष्टींचं आम्हाला नवल वाटतं. पण आमच्या भागात यंत्राने दार उघडणं जुनंच आहे. खडकवासल्याला विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली धरणाला स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की दार आपलं आपण वर. आमच्या भाटघरलाही स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याला 'या' म्हणायची सोय आपण केली, माणसाची तेवढी राहिली होती.

तर रोबोट दारात उभा राहिला. त्याचा सेन्सर उष्णतेची हालचाल टिपतो, त्यामुळे तो माणूस आणि जनावर असा भेद करत नाही. पहिला नमस्कार मिळाला तो समोरच्या हॉटेलातल्या कुत्र्याला. आयुष्यात प्रथमच कोणी दगडाऐवजी हात उचलले, हे पाहून ते बिचारं गोंधळून तिथेच बसलं. दुसरी खोड उन्हाळ्यात कळली. मे महिन्याच्या दुपारी हवा माणसाच्या अंगाइतकी तापली की सेन्सरला माणूस हवेतून वेगळा दिसेनासा होतो. थोडक्यात, दुपारी एक ते चार या वेळात रोबोट गिऱ्हाइकाची दखल घेत नाही. तो अस्सल मराठी दुकानदार झाला, याला याहून मोठा पुरावा नको.

राहता राहिला आवाज. मेहुण्याने आधी स्वतःच्या आवाजात 'नमस्कार, या' असं अकरा वेळा रेकॉर्ड केलं. अकराही वेळा ते पंचनामा वाचल्यासारखं आलं. मग एके रात्री त्याने ट्रंकेतून जुन्या कॅसेटी काढल्या. पूर्वी टेप नीट झाला की नाही हे पाहायला तो दुकानातच रेकॉर्डिंगचं बटण दाबून ठेवत असे. त्यातल्या एका कॅसेटमध्ये वजनकाट्याची खणखण होती, एसटीचा हॉर्न होता आणि मध्येच स्पष्ट शब्द होते: "या पाव्हणं, बसा. पाणी घ्या आधी."

तो माझ्या सासऱ्यांचा आवाज होता. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

मेहुण्याने तेवढाच तुकडा मेमरी कार्डावर घेतला आणि एका मेलेल्या रेडिओचा स्पीकर डब्यात बसवला. पुण्याची पोरं हसली, त्यांनी फोटो काढले, सेलही घेतले. गंमत झाली ती जुन्या गिऱ्हाइकांची. डोंगरातून उतरून आलेली माणसं उंबऱ्यात थबकायची. कुणी डोक्यावरची टोपी सारखी करायचं, कुणी सवयीने 'बसतो, शेट' म्हणून बसायचंही. मग 'शेट कसे होते' याच्या गोष्टी निघायच्या आणि मेहुण्याला त्या ऐकाव्या लागायच्या. ऐकल्यावर काहीतरी बोलावंही लागायचं. बोलायला लागू नये म्हणून ज्याने रोबोट केला, तो दिवसाकाठी पूर्वीच्या महिन्याइतकं बोलू लागला.

केळदच्या बाजूचा एक म्हातारा असाच सकाळी येऊन आवाज ऐकून गेला. सामान न घेता गेला. चार दिवसांनी, भर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता तो परत आला. मी त्या दिवशी तिथेच होतो. म्हातारा रोबोटसमोर उभा राहिला. हवा तापलेली, रोबोट ढिम्म. म्हाताऱ्याने थोडी वाट पाहिली, मग कनवटीचे साठ रुपये काढून गल्ल्यावर ठेवले.

"शेटचं राहिलं होतं. फावडं नेलं होतं मी. वहीत लिवलं नव्हतं त्यांनी. म्हनलं, तुला आठवतंय तवर चालतंय."

वसुलीच्या नोटिसा टाइप करण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. 'अन्यथा कायदेशीर कारवाई' या शब्दांना जे जमत नाही, ते तेलाच्या डब्यातून आलेल्या दोन वाक्यांना जमलं होतं. वहीत नसलेलं, साक्षीदार नसलेलं, मुदत केव्हाच संपून गेलेलं कर्ज!

मेहुण्याने पैशांकडे पाहिलं, मग रोबोटकडे. रोबोटचे हात खाली होते. तो गल्ल्यामागून उठला, माठातून तांब्या भरून घेतला आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बसा बाबा," तो म्हणाला. "पाणी घ्या आधी."

साठ रुपये कोणत्या खात्याला जमा धरायचे, ते त्याने मला अजून विचारलेलं नाही. आणि व्याजाचा विषय मी काढला नाही.