हाडातलं डावं-उजवं

गाईच्या पुढच्या दोन पायांना जनुकं तीच, रक्त तेच, आईच्या पोटातला काळही तोच. तरी दोन्ही पायांच्या नळ्या तंतोतंत सारख्या भरत नाहीत. कुठे डावी केसभर जाड, कुठे उजवी. ‘फ्लक्चुएटिंग असिमेट्री’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या फरकाची नीट मांडणी ली व्हॅन व्हेलन यांनी १९६२ साली केली. वाढत्या शरीरात बारीकसारीक चुका सतत होतात आणि शरीर त्या निस्तरतही असतं. उपासमार, उष्मा, जंत, खनिजांची तूट यांनी ते बेजार झालं की काही चुका तशाच राहून हाडात पक्क्या होतात, असा त्यामागचा तर्क. मी खिल्लार जातीच्या जनावरांची मोजमापं घेते ती याच तर्काच्या आधाराने.

पण मोजायचं काय? खरसुंडी किंवा पुसेगावच्या बाजारात जोडीची शिंगं जुळतात का, हे शेतकरी लांबूनच सांगतो. माझ्या कामाला ती शिंगं निरुपयोगी, कारण ती साळलेली असतात किंवा झुंजीत टोक गेलेलं असतं. पत्री मारलेल्या बैलाचे खूरही माणसाच्या हाताने घडलेले. खांद्याचं तर विचारूच नका. वर्षानुवर्षं जुवाला एकाच बाजूने चालणाऱ्या बैलाचे दोन खांदे सारखे राहतील कसे? बेंदराला खांदमळणी करणाऱ्या हाताला तो फरक बरोबर लागतो. तो कामाने आलेला असतो, त्याची बाजू ठरलेली असते. मला हवा तो फरक कुठल्याच बाजूला बांधलेला नसतो.

म्हणून मी आदत जनावरंच घेते. दुधाचे दात अजून पडलेले नाहीत, मानेवर जू आलेलं नाही, अशी. पुढच्या पायाची नळी गुडघ्याखाली मधोमध कॅलिपरमध्ये धरायची. वासराला आधी सपाट जागी उभं करावं लागतं, मालक दावं आखडून गळ्याखाली खाजवत राहतो. वाळलेला चिखल पुसायचा, केस दाबायचे, मग उजवी, डावी, आणि पुन्हा उजवी, डावी. आकडा मी फक्त मोठ्याने सांगते, लिहिणारा दुसरा असतो आणि आधीचा आकडा तो मला दाखवत नाही. एवढा काटेकोरपणा हवाच. फरक अर्ध्या मिलिमीटरचा आणि हाताची चूकही तेवढीच असू शकते. रिचर्ड पामर आणि कर्टिस स्ट्रोबेक यांनी १९८६ सालीच यावर बोट ठेवलं होतं. पुढे १९९०च्या दशकात या विषयाची लाट आली, पक्ष्यांच्या शेपटीपासून माणसाच्या चेहऱ्यापर्यंत सगळीकडे सममिती शोधली गेली आणि त्यातले बरेच निष्कर्ष नंतरच्या तपासणीत टिकले नाहीत. त्यामुळे एखाद्या वासराची नळी पाहून त्याच्या हालअपेष्टा सांगणारा माणूस माझ्या लेखी जनावराच्या अंगावरच्या भोवऱ्यावरून नशीब सांगणाऱ्याच्याच पंगतीतला. बोलतो तो कळप. कळपातल्या फरकांचा पसारा वाढतो आहे की आटतो आहे, एवढंच पाहायचं.

हे सगळं करायचं कशासाठी? आपल्या तोंडी बसलेल्या एका शब्दासाठी: काटक. देशी गाय काटक, तिला काहीही चालतं, असं म्हणत आपण तिला काहीही घालतो. २०१२-१३च्या दुष्काळात माण, आटपाडी, सांगोल्याकडे चारा छावण्या लागल्या. कडबा मिळेना तेव्हा जनावरं उसाच्या वाढ्यांवर जगली. वाढ्यांत ऑक्झॅलेट भरपूर, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि गाभण गाईला नेमकं कॅल्शियमच हवं असतं. गाय सुमारे २८० दिवस गाभण असते. म्हणजे अख्खं गाभणपण टंचाईत काढलेल्या गाई असणारच. त्या जगल्या, व्यायल्या, आणि आपण त्यांच्या काटकपणाचं कौतुक केलं. पाऊस झाला की अंगावर मांस चढतं, बरगड्या झाकतात, वजनकाटाही समाधानकारक आकडा दाखवतो. पोटातल्या वासराच्या हाडात राहून गेलेला फरक मात्र वाढ संपल्यावर भरून येत नाही. तगून राहणं म्हणजे सुखात असणं नव्हे, हे मला या गाईच्या बाजूने ठासून सांगायचं आहे, आणि त्यासाठी मला असा पुरावा हवा आहे जो पहिल्या पावसाने पुसला जात नाही.

म्हणून पुढची छावणी उघडेल तेव्हा पेंडीचा हिशेब ठेवणाऱ्या वहीतच एक पान याला द्यावं. त्या वर्षी जन्मलेल्या वासरांच्या दोन्ही नळ्या, कानातल्या बिल्ल्याच्या बारा आकडी क्रमांकासह. तुलना करायची ती त्याच गावच्या, चांगल्या पाऊसवर्षातल्या वासरांशी. खिल्लारची तुलना अकोले-इगतपुरीच्या पावसात वाढणाऱ्या डांगीशी करू नये. त्या जातीची ठेवण वेगळी, तिचे त्रासही वेगळे. आणि प्रत्येक वासराचा वळू कोणता, ते न चुकता लिहावं. गावभर एकाच वळूची पैदास झाली असेल, तर फरक दुष्काळामुळे की जवळच्या नात्यातल्या पैदाशीमुळे, हे नंतर कुणालाच वेगळं काढता येणार नाही.