चेहरा लपवला, हात दिसले : फ्रँक कॉस्टेलो

१/ मार्च १९५१. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकी सिनेटच्या केफॉव्हर समितीपुढे संघटित गुन्हेगारीची चौकशी सुरू होती आणि तिचे दूरचित्रवाणीवरून थेट प्रक्षेपण होत होते. एका साक्षीदाराच्या वतीने हरकत घेण्यात आली : त्याचा चेहरा दाखवू नये. समितीने ती मान्य केली. मग कॅमेरा त्याच्या हातांवर स्थिरावला. रुमाल चुरगाळणारे, अस्वस्थपणे एकमेकांत गुंतणारे ते हात लक्षावधी लोकांनी घरबसल्या पाहिले. तो साक्षीदार म्हणजे फ्रँक कॉस्टेलो. वृत्तपत्रे त्याला ‘गुन्हेगारी जगताचा पंतप्रधान’ म्हणत.

२/ त्याचे मूळ नाव फ्रान्चेस्को कास्तील्या. जन्म १८९१चा, इटलीच्या कॅलाब्रिया प्रांतातील लाउरोपोली येथला. लहानपणीच तो कुटुंबासह न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये आला. वडिलांचे तेथे छोटेसे किराणा दुकान होते. मोठेपणी त्याने आयरिश वाटणारे आडनाव घेतले. १९१४ मध्ये त्याने एका ज्यू कुटुंबातील मुलीशी विवाह केला. त्यांना मूलबाळ झाले नाही.

३/ १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली आणि चोरट्या दारूच्या व्यापारात त्याचे नशीब फळफळले. पुढे जुगाराची स्लॉट यंत्रे आली. १९३४ मध्ये महापौर ला ग्वार्डिया यांनी ती न्यूयॉर्कमधून हुसकावली, तेव्हा कॉस्टेलोने न्यू ऑर्लिन्स गाठले. या यंत्रांत पडणारी नाणी बहुतांशी सामान्य माणसांच्या खिशातली होती, हे त्याच्या रुबाबाविषयी वाचताना विसरता येत नाही.

४/ त्याची खरी मिळकत मात्र ओळखींची होती. उत्तम शिवलेले सूट, वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात दाढी-केशकर्तन, घोगरा पण मृदू आवाज. १९४३ मध्ये पोलिसी यंत्रणेने चोरून ऐकलेले त्याचे एक दूरध्वनी संभाषण उघड झाले. राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी उमेदवारी मिळालेले थॉमस ऑरेलिओ त्यात कॉस्टेलोचे आभार मानून निष्ठेची ग्वाही देत होते. गदारोळ झाला, तरीही ऑरेलिओ निवडून आले.

५/ तरीही काहीतरी सलत असावे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस हा माणूस मनोविकारतज्ज्ञाकडे जात होता. त्या काळी त्याच्या जगात ही गोष्ट दुबळेपणाची ठरली असती. जानेवारी १९४९ मध्ये त्याने कोपाकबाना नाइटक्लबमध्ये ‘साल्व्हेशन आर्मी’च्या मदतीसाठी मेजवानी दिली. न्यायाधीश आणि राजकारणी आले, जेवले. बातमी छापून येताच तीच उपस्थिती त्यांना अडचणीची झाली. कॉस्टेलोची बहुतेक नाती अशीच होती : अंधारात घट्ट आणि उजेडात नाकारायची. त्याचे एकटेपण येथूनच येते.

६/ चौकशीत त्याला विचारण्यात आले, या देशासाठी तुम्ही काय केले? उत्तर आले, ‘माझा कर भरला.’ लोक हसले. तो चौकशीतून उठून गेला, म्हणून सिनेटच्या अवमानाबद्दल त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९५४ मध्ये तो पुन्हा दोषी ठरला आणि तोही करचुकवेगिरीसाठीच.

७/ २ मे १९५७. सेंट्रल पार्कसमोरील ‘मॅजेस्टिक’ या आपल्या इमारतीत तो शिरत असताना गोळी झाडली गेली. ती डोक्याला घासून गेली आणि तो बचावला. प्रतिस्पर्धी व्हिटो जेनोवीझ याचा हा डाव मानला जातो. खटल्यात व्हिन्सेंट गिगान्टी आरोपी होता. कॉस्टेलोने त्याला ओळखण्यास नकार दिला. गिगान्टी सुटला आणि कॉस्टेलोने टोळीचे नेतृत्व सोडले.

८/ सर्वांत खोल घाव मात्र एका जुन्या कागदाने केला. १९२५ मध्ये नागरिकत्व घेताना त्याने आपला व्यवसाय ‘स्थावर मालमत्ता’ असा नोंदवला होता. प्रत्यक्षात तो तेव्हा दारूची तस्करी करत होता. ही फसवणूक ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये त्याचे नागरिकत्व रद्द करण्यावर शिक्कामोर्तब केले. १९६४ मध्ये त्याच न्यायालयाने त्याची हद्दपारी रोखली. कारण तांत्रिक होते : गुन्हे सिद्ध झाले तेव्हा तो नागरिक होता, आणि हद्दपारीचे कलम परकीयांसाठी होते. म्हणजे देशात राहण्याची मुभा मिळाली, पण देश त्याचा उरला नाही. ईस्ट हार्लेममध्ये वाढलेला मुलगा सत्तरीत पुन्हा परका झाला.

९/ १८ फेब्रुवारी १९७३ रोजी हृदयविकाराने त्याचे निधन झाले. क्वीन्समधील सेंट मायकेल्स दफनभूमीत त्याची समाधी आहे. पुढच्याच वर्षी तिचे कांस्याचे दरवाजे स्फोटाने उडवण्यात आले.

१०/ कॉस्टेलोला ‘सभ्य गुंड’ म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. त्याच्या सभ्यतेची किंमत जुगारात हरलेल्यांनी आणि विकल्या गेलेल्या न्यायव्यवस्थेने मोजली. पण त्याच्याबरोबर जेवणाऱ्यांची नावे इतिहासाने फारशी लक्षात ठेवली नाहीत. कॅमेऱ्यापुढे एकटे राहिले ते त्याचे हात. त्या हातांशी हस्तांदोलन करणारे हात कोणाचे होते, हा प्रश्न त्या चौकशीइतकाच महत्त्वाचा आहे.