आमच्या वाटचा एतिकाफ

विसाव्या रोजाला असरची नमाज झाली की आमच्या मोहल्ल्यातले चाचा खांद्यावर वळकटी आणि पिशवीत दोन जोड कपडे घेऊन मशिदीकडे निघत. ‘दुआ में याद रखना चाचा’, असं जो तो म्हणे. मगरिबच्या आत मशिदीच्या कोपऱ्यात पांढऱ्या चादरीचा पडदा लागे आणि मोहल्ला निर्धास्त होई.

रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांचा एतिकाफ सुन्नते मुअक्कदा किफाया आहे. मोहल्ल्यातला एक जण बसला तरी सर्वांची सुटका. कोणीच बसलं नाही तर ठपका सर्वांवर. या ‘किफाया’ शब्दाचा आम्ही आमच्या सोयीचा अर्थ लावला होता. ईदची खरेदी, दुकान, शाळेचे पेपर, उद्यमनगरातला ओव्हरटाइम – दहा दिवस कुणाला मिळणार? आणि चाचा आहेतच की!

2020 साली टाळेबंदीत मशिदी बंद होत्या. मशिदीतच राहणारे मुअज्जिन त्या वर्षी बसले. चाचांनी बांधलेली वळकटी सोडली आणि घरात बसून ते रडले. पुरुषाचा एतिकाफ मशिदीतच होतो, हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हाही आम्हाला काही वाटलं नाही.

2023 च्या रमजानमध्ये चाचांना अंथरुणावरून उठणं होईना. आठवडाभर आधी त्यांनी आम्हा तिघांना बोलावून घेतलं. आमच्यात एक शिक्षक, एक शिंपी, एक लेथवर काम करणारा. चाचा एवढंच म्हणाले, “कोई तो बी बैठो रे. मोहल्ल्याचं देणं आहे.” नाही म्हणायला आमच्याकडे तोंड नव्हतं. 12 एप्रिलला सूर्य मावळायच्या आत आम्ही मशिदीत गेलो.

इमामसाहेबांनी पहिल्यांदा आम्हाला मशिदीची हद्द दाखवली. वजूचा हौद, चपला काढायची जागा, मुअज्जिनची खोली हे सगळं आपण ‘मशीद’च म्हणतो; पण नमाजसाठी वक्फ झालेली जागा तेवढीच मशीद. हौदाच्या अलीकडच्या पायरीपर्यंत आमची हद्द. लघवी-संडास, वजू, फर्ज गुस्ल यांसाठी बाहेर जायचं, काम उरकून सरळ परत यायचं. नुसत्या उकाड्यापायी आंघोळीला जायचं नाही. जरुरीपुरतं बोलायचं, पण मुकं बसणं ही काही इबादत नव्हे. रसूलुल्लाह (स.) एतिकाफमध्ये असताना हुजऱ्याकडे डोकं पुढे करत आणि हजरत आयेशा (रजि.) त्यांचे केस विंचरत, हे इमामसाहेबांनी सांगितलं, तेव्हा आमच्या मनावरचा ताण उतरला.

पहिले दोन दिवस हात सारखा मोबाइलकडे जाई. मग आम्ही तो बंद करून टाकला. घरून डबे येत. आपल्या बसण्यासाठी किती माणसं राबतात, हे तिथं बसूनच कळलं.

चाची दरवर्षी घरात नमाजच्या कोपऱ्यात एतिकाफ करत. चाचांच्या हट्टामुळे याही वर्षी बसल्या होत्या. तेविसाव्या रात्री चाचांना धाप लागली आणि त्या उठल्या. आपलं काही चुकलं का, असं त्यांनी मुलाकरवी विचारलं. इमामसाहेब म्हणाले, “एतिकाफ तुटला, पण गुनाह नाही. एका दिवसाची कजा करायची, रोजासह. आजाऱ्याला पाणी कोण देणार?”

पंचविसाव्या रोजाला सहरीच्या वेळी चाचा गेले. भोंग्यावरून पुकारताना मुअज्जिनचा आवाज फाटला. आम्ही तिघेही पायरीपर्यंत धावलो आणि तिथेच थांबलो. मुअतकिफने आजाऱ्याच्या भेटीला जाऊ नये, जनाजालाही जाऊ नये, अशी हजरत आयेशा (रजि.) यांची रिवायत आम्ही दोन दिवसांपूर्वीच ऐकली होती. आमच्यातल्या शिंप्याची सासुरवाडी रत्नागिरीची, शाफई. तो रडत म्हणाला, “माझे सासरे जनाजाला जाऊन आले आणि पुन्हा नियत करून बसले. आम्हीच का नाही?”

इमामसाहेब त्याच्याजवळ बसले. म्हणाले, “ते त्यांच्या फिकहप्रमाणे बरोबर, आपण आपल्या. दाराला कुलूप नाही, बेटा. मय्यत उचलायला माणूस नसता तर मीच तुला पाठवलं असतं. पण बाहेर बघ. जनाजाची नमाजही फर्जे किफायाच आहे. ते तुझ्या वतीनं खांदा देताहेत, तू त्यांच्या वतीनं बसला आहेस. चाचांनी तुला ज्या कामाला बसवलं, ते सोडून त्यांनाच खांदा द्यायला जाणार?”

जोहरनंतर समोरच्या पटांगणात सफा लागल्या. आम्ही पायरीवर उभे होतो. चार तकबिरी ऐकू आल्या. मग डोला उचलला गेला आणि बागल चौकातल्या कब्रस्तानाकडे निघाला. लेथवर काम करणारा आमचा दोस्त नुसता हात पुढे करून उभा होता. त्या दिवशी ‘किफाया’चा अर्थ आम्हाला कळला. एकानं केलं म्हणजे बाकीचे मोकळे, एवढाच तो नाही. जो करतो तो आपल्या वाटचं करतो आणि त्याचं देणं आपल्यावर राहतं.

एकोणतिसाव्या रोजाला चांद दिसला. दुसऱ्या दिवशी दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंगच्या मैदानावर ईदची नमाज पढलो. 1906 पासून, शाहू महाराजांच्या काळापासून, ही बोर्डिंग आपल्या समाजाची आहे. तिथून गळाभेटी उरकून थेट कब्रस्तानात गेलो. माती अजून ओली होती. आम्ही फातिहा पढलो आणि उशिरा आल्याची माफी मागितली.

तेव्हापासून शाबान लागला की मशिदीत ‘यंदा कोण?’ असा प्रश्न निघतो आणि दोन-तीन हात वर होतात. चाचींनी तेव्हाची कजा शव्वालमध्ये नव्हे, इद्दत संपल्यावर केली. विसाव्या रोजाच्या इफ्तारीला जो कोणी बसला असेल, त्याचा पहिला डबा त्यांच्या घरून येतो.