सहामाहीचा निकाल

जुलैत ऑल-स्टार सामना झाला की बेसबॉलची सहामाही संपली म्हणायची. अमेरिकेतला आमचा मुलगा लगेच संघांचे निकाल लावायला बसतो. पण मी पडलो मास्तर! सहामाहीवरून कुणाला नापास करायचं नाही. 2019 मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सनी पहिल्या 50 पैकी 31 सामने गमावले होते, आणि वर्ल्ड सीरिज त्यांनीच जिंकली. 2021 च्या अटलांटा ब्रेव्हजचंही तसंच. जुलै संपला तरी जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामनेच जास्त. शेवटी विजेते तेच.

एमव्हीपीच्या बाबतीत मात्र माझं मत पक्कं आहे. 2025 मध्ये सिअ‍ॅटलच्या कॅल रॉलीने ऑल-स्टारपर्यंत 38 आणि अखेरीस 60 होमरन मारले. पत्रकारांच्या पहिल्या पसंतीची 17 मतं यँकीजच्या अ‍ॅरन जजला, 13 रॉलीला. जजची सरासरी .331, फलंदाज म्हणून तो सरसच. पण रॉली कॅचर! आपल्या यष्टिरक्षकासारखं सतत उकिडवं बसायचं, प्रत्येक चेंडू सांभाळायचा, पिचरला सावरायचं आणि मग बॅट धरायची. या कष्टांचे गुण सरासरीत कुठे दिसतात? मी असतो तर रॉलीलाच मत दिलं असतं.

असो. तुम्ही कुणाला दिलं असतं?